सहाची प्रार्थना

"लावत न्हाय ताई. मीच म्हणते की," बाबांना सांभाळणारी केराबाई फोनवर म्हणाली आणि मी मेल वॉर्डच्या दारात थांबले ती थांबलेच. समोरून स्ट्रेचर येत होतं, वॉर्डबॉय 'मॅडम, मॅडम' करत होता, आणि बाजूला व्हायचं माझ्या लक्षातच येत नव्हतं. मेट्रन होऊन मला नऊ वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी कुणाची वाट अडवून उभी राहिले असेन असं वाटत नाही. लोकच माझ्या वाटेतून सरकतात. मी केराबाईला पुन्हा विचारलं, म्हणजे काय. तिनं पुन्हा सांगितलं, अगदी शांतपणे, शेळी व्याली एवढीच बातमी असावी तसं. दिवाळीच्या आधी तिचा फोन हौदात पडला. तिच्या लेकानं, धनाजीनं, दुसरा आणून दिला. जुन्यातलं सगळं गेलं, त्यात माझ्या आवाजात भरलेली प्रार्थनाही गेली. "मग रोज सकाळी सहाला बाबांना ऐकवता काय?" "ऐकवत न्हाय. मामा हात धरून बसत्यात, मी म्हणते, मामा आमेन म्हणत्यात." "आणि मला का नाही सांगितलं?" तिला प्रश्नच कळला नसावा. "तुमी इचारता, प्रार्थना झाली का. मी म्हणते झाली. झालेलीच असती की ताई."

यात खोटं काहीच नव्हतं, हे मला तिथल्या तिथं कळलं. रोज सकाळी साडेसहाला, केसांना पिना लावता लावता, मी फोन करत होते आणि दोनच शब्द विचारत होते: प्रार्थना झाली? झाली म्हटलं की फोन ठेवत होते. गोळी दिली? दिली. ताप घेतला? घेतला. माझ्या हाताखालच्या मुलींना मी हेच शिकवलंय, विचारलं तेवढं सांगा, गोष्ट सांगत बसू नका. मग आता कुणाला बोलणार? दिवाळीपासून आज फेब्रुवारी संपत आला. चार महिने होटगीतल्या त्या घरात माझ्या जागी माझ्या वडिलांसाठी एक धनगरीण प्रार्थना करत होती आणि मी इकडं सोलापुरात बसून मनातल्या मनात टिक मार्क करत होते. मला धक्का बसला म्हणजे काय झालं, तर माझे कान गरम झाले आणि हातातला पेन मी कुठं ठेवला ते मला दिवसभर सापडलं नाही.

हे सगळं बाबांच्या झटक्यापासून सुरू झालं. बाबा होटगी जंक्शनला केबिनमन होते. उंच केबिनमध्ये उभं राहून लोखंडी दांडे ओढायचे आणि गाड्यांना रूळ बदलून द्यायचे, हे त्यांनी बत्तीस वर्षं केलं. घरी आले की तोच माणूस गुडघ्यावर. आमच्याकडं कुटुंबप्रार्थना म्हणजे बाबांची प्रार्थना. आई स्टोव्हवरचं दूध उतरवून ठेवायची, कारण बाबा सुरू झाले की दुधाचा भरवसा नाही. शहाबादी फरशीवर माझे गुडघे दुखायला लागायचे आणि बाबा अजून अक्कलकोट रोडलाच असायचे. कारण ते स्टेशनांच्या क्रमानं प्रार्थना करायचे. आधी होटगी, तिथला गेटमन गुरुशांत, त्याच्या बायकोचा दमा. मग तिलाटी, तिथला शरणबसव आणि त्याच्या मुलीचं जमत नसलेलं लग्न. मग अक्कलकोट रोड, नागणसूर, बोरोटी, दुधनी. प्रत्येक स्टेशनावर उतरून ते एकेकाची विचारपूस करायचे, देवाला नावानिशी सांगायचे, आणि पुढच्या स्टेशनाला जायचे. यातला एकही माणूस ख्रिस्ती नव्हता. एकदा आमच्या चर्चच्या मंडळीतल्या कुणीतरी त्यांना तसं बोलून दाखवलं, तेव्हा बाबा म्हणाले, सिग्नल काय ख्रिस्ती गाडीलाच देतो का मी. मी तेव्हा सातवीत होते आणि मला फक्त दूध थंड होतंय याचं वाईट वाटत होतं.

आई गेली त्याला सहा वर्षं झाली. झटका आला दोन वर्षांपूर्वी. उजवी बाजू गेली, आणि शब्द गेले. ही वाचा जाण्याची गोष्ट मी वॉर्डात शेकड्यानं पाहिलीय, नातेवाइकांना समजावून सांगितलीय, पण बाबांनी पहिल्या दिवशी सकाळी सहाला डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर ठेवला, डोळे मिटले आणि 'हे... हे... हे...' एवढंच म्हणत राहिले, तेव्हा मी खोलीबाहेर पळाले. त्यांना एकच शब्द येत होता, आमेन. डॉक्टर म्हणाले, असं होतं, पाठ असलेलं मागं राहतं. बोलायला शिकवणारी बाई तीन महिने आली, पाटीवरची चित्रं दाखवून थकली, आणि म्हणाली की आता फार अपेक्षा ठेवू नका. बाबा होटगी सोडून यायला तयार नव्हते. ते मान हलवून सांगत होते, नाही म्हणजे नाही. मग केराबाई मिळाली. तिचा नवरा बिरुदेव मेंढरं घेऊन आठ-आठ महिने बाहेर असतो, ती चार शेळ्या घेऊन बाबांच्या मागच्या अंगणात राहायला आली. मी बाबांना म्हटलं, मी रोज सकाळी सहाला फोनवर प्रार्थना करीन, तुम्ही आमेन म्हणा. बाबांनी माझा हात इतका दाबला की माझी अंगठी बोटात रुतली.

मी वचन दिलं तेव्हा मनापासून दिलं होतं, हे मला लिहायलाच हवं, नाहीतर पुढचं सगळं वाचून कुणालाही वाटेल की मी बनेल बाई आहे. पहिल्या महिन्यात मी वीस मिनिटं प्रार्थना करत होते. मग दहा. सातला माझी ड्यूटी, रात्रपाळीच्या सिस्टर्स सकाळच्या मुलींना ओव्हर देतात, कुठल्या पेशंटला काय झालं, काय द्यायचं राहिलं, ते सगळं मला समोर उभं राहून ऐकायचं असतं. सहाला मी एका हातानं पोळी लाटत असायची, फोन स्पीकरवर, डोळे उघडे. सवयीनं तोंड चालायचं. मला प्रार्थना चांगली येते. महिला मंडळात, कुणाच्या घरभरणीला, कुणाच्या मातीला, पाळकसाहेब आले नाहीत की सगळ्या माझ्याकडं बघतात, सुवार्ताबाई, तुम्ही करा. मी करते. शब्दाला शब्द लागत जातो, बायका डोळे पुसतात, मला स्वतःला आत काही हललंय असं शेवटचं कधी वाटलं ते मात्र सांगता येणार नाही. मग एके दिवशी पहाटेच वॉर्डातून फोन आला, पेशंट अचानक बिघडला होता, मी तशीच धावले आणि सहाचा फोन राहिला. दुपारी केराबाई म्हणाली, मामा साडेसातपर्यंत हात धरून बसून होते, च्याबी घेतला न्हाय. हे ऐकून मला रडू आलं, आणि रडून झाल्यावर मी, जशी मी आहे तशी, उपाय काढला. गेल्या वर्षी याच दिवसांत, ओव्हर संपल्यावर राउंड सुरू व्हायच्या आधी जी पंधरा मिनिटं मिळतात त्यात, मेल वॉर्डात औषधांच्या ट्रॉलीपाशी उभी राहून मी फोनमध्ये प्रार्थना भरली. चार मिनिटं अठरा सेकंद, एका दमात, कुठं अडखळले नाही. स्टेशनांचं सगळं मी 'रेल्वेतील सर्व बंधुभगिनी' एवढ्यात बसवलं. केराबाईला पाठवली आणि कुठलं बटन दाबायचं ते दाखवून आले. रोज सकाळी सहा, एकदा.

ती मी स्वतः परत कधी ऐकली नाही. वेळच नव्हता. आणि खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमानच वाटत होता. मी रात्री शांत झोपत होते. दिपक, माझा नवरा, तेव्हा एवढंच म्हणाला होता, "देवालापण चार्टवर घेतलंस की तू." तो शाळेत शिकवतो, त्याला असली वाक्यं सुचायला वेळ असतो. मी म्हटलं, तुझे वडील असते म्हणजे कळलं असतं. आता या रविवारी चर्चमध्ये ईस्टरआधीच्या उपवासकाळातलं पहिलं प्रवचन झालं. पाळकसाहेब म्हणाले, हे चाळीस दिवस देवाला वेळ द्या, उरलेला नको, पहिला द्या. मला ते लागलं. लागलं म्हणून मी काय ठरवलं, तर नवी प्रार्थना भरायची. जरा मोठी, सहा-सात मिनिटांची, उपवासकाळाला शोभेल अशी. तेच सांगायला मंगळवारी मी केराबाईला फोन केला होता: नवी पाठवते, जुनी काढून टाका, उद्यापासून नवी लावा.

त्या दिवशी मी काम केलं, म्हणजे माझ्या हातांनी केलं. एका मुलीला मी सलाईनवरून बोलले, ते बोलणं दुसरीला बसायला हवं होतं. सारखं केराबाईचं कपाळ डोळ्यांसमोर येत होतं, भंडाऱ्यानं पिवळं झालेलं. दर रविवारी तासभर ती बिरोबाला जाते, मीच तिला तेवढी सुट्टी देते. ती बाई माझ्या वडिलांसमोर बसून म्हणते तरी काय? कुणाला म्हणते? आणि बाबा, ज्यांना बायबलातलं एखादं वचन चुकलेलं चालायचं नाही, ते त्यावर आमेन म्हणतात? मला बाबांचाही राग आला. लकव्यानं निम्म्या झालेल्या म्हाताऱ्याचा राग येणं हे शोभत नाही हे कळत होतं, तरी आला. चार महिन्यांत प्रार्थनेला माझा आवाज ऐकू आला नाही, आणि त्यांचं काही अडलं नाही. मी पंधरा दिवसांतून एकदा रविवारी दुपारी जाते, दोन तास असते, ब्लडप्रेशर बघते, पाठीला कुठं जखम होत नाही ना बघते, चादर बदलते, केराबाईला सूचना देते. त्यात त्यांनी एकदाही डोळ्यांनीसुद्धा सांगितलं नाही की, सुवा, ते बंद पडलंय. मी विचारलं होतं का? 'बरं आहे ना बाबा' एवढं विचारलं होतं, आणि त्याला मान हलवली की पुरतं.

रात्री जेवताना दिपकला सांगितलं. तो हसेल असं वाटलं होतं, तो हसला नाही. "तुला राग कशाचा आलाय?" तो म्हणाला. "ती म्हणते याचा, का तुझ्यावाचून चाललंय याचा?" मी म्हटलं, मला राग आलेला नाही, मला हादरल्यासारखं झालंय. "मग जा की उद्या. ऐकून ये काय म्हणते ते." उद्या ड्यूटी आहे म्हटलं. त्यावर तो ताटातच बघत म्हणाला, "सहाला ड्यूटी नसती तुझी. सातला असती." लग्नाला तेवीस वर्षं झाली तरी हा माणूस कधी बरोबर बोलेल याचा अंदाज येत नाही. पडल्यावर मी ती जुनी प्रार्थना आठवून बघितली. पहिल्या दोन ओळी आल्या, पुढचं सगळं एकसारखं, आशीर्वाद दे, सांभाळ, मार्ग दाखव, कुणालाही चालेल असं. बाबांबद्दल मी त्यात नक्की काय म्हटलं होतं ते मला आठवेना. वॉर्डातल्या चाळीस पेशंटची औषधं मी न बघता सांगू शकते.

बुधवारी पाच वाजता मी स्कूटर काढली. होटगी रोडला सिमेंटच्या गाड्यांमागून जाताना डोळ्यांत धूळ जात होती आणि थंडी अजून बोटांना झोंबत होती. मनात मी भांडणाचीच तयारी करत होते. सौम्य शब्दांत सांगायचं, केराबाई, तुमचा भाव चांगला आहे, पण हे आमच्यातलं आहे. गाडी मी कोपऱ्यावरच बंद केली आणि ढकलत नेली. चोरासारखी मागच्या अंगणातून शिरले, शेळ्या उठून बघायला लागल्या. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. आतल्या खोलीत बाबा खुर्चीवर, अंगावर शाल, आणि त्यांच्या समोर खाली फरशीवर केराबाई, मांडी घालून, त्यांचा उजवा, मेलेला हात आपल्या दोन्ही हातांत धरून. तिची पाठ माझ्याकडं होती. सहा वाजायचे होते बहुतेक, पण त्यांनी सुरुवात केलेली होती.

"देवा येशू, आमी उठलोय," ती म्हणत होती. आवाज रोजचाच, अंगणातून हाक मारल्यासारखा. "आज बुधवार हाय. मामांनी काल दीड भाकर खाल्ली, ते ब्येस झालं. रातच्याला दोनदा उठले, तेवडं कमी कर. पांढऱ्या शेळीचा पाय सुजलाय, त्येच्याकडं बग. आमचे मालक कुटं हायत तुलाच ठावं, मेंढरासंगं हायत, त्यांना कुत्र्याबित्र्यापासनं राख. आता लायनीनं चलू. होटगी. होटगीत कोण, मामा?" मी दाराची चौकट धरली. ती बाबांना प्रश्न विचारत होती. ज्या माणसाला बोलता येत नाही त्याला. आणि बाबांनी डोळे मिटूनच, गळ्यातून ओढून काढल्यासारखं म्हटलं, "गु... गुरु... शांत." "गुरुशांत. हाय का गेला?" "गेला." "गेला, पर बायकू असंल की. तिला बघ. दमा हाय तिला. तिलाटी?" "शर... शरण..." "शरणप्पा." बाबांनी चिडून मान हलवली. "न्हाय. बसव. शरण... बसव." "शरणबसव. चुकलं माजं. त्येची ल्येक. लगीन झालं असंल तर सुकात ठेव, न्हाय झालं तर बग आता तरी. अक्कलकोट रोड?"

मी मोजत होते. हे माझ्या हाडात भिनलंय, मी काय करू. नाडी मोजावी तसे मी शब्द मोजत होते. नागणसूरपर्यंत बाबांनी अकरा शब्द उच्चारले होते. त्यातले चार केराबाईची चूक दुरुस्त करायला. दोन वर्षांपूर्वी फार अपेक्षा ठेवू नका असं ज्यांच्याबद्दल सांगून झालं होतं, आणि मीही ज्यांना मनातल्या मनात एका शब्दाचा माणूस ठरवून टाकलं होतं, ते इथं या अडाणी बाईवर चिडून नावं नीट करत होते. माझ्या प्रार्थनेत चुकलेलं काही नव्हतं. त्यांना तिथं आमेनशिवाय करण्यासारखं काही ठेवलंच नव्हतं मी. आनंद झाला असं म्हणायला हवं. झालाही असेल, पण तो नंतर. त्या क्षणी मला फक्त भीती वाटली, आपल्या घरात आपण नसताना केवढं काय काय घडून गेलंय ते बघून वाटावी तशी.

"दुधनी झाली," केराबाई म्हणाली. "आता ताई. ताईला जरा बसीव कुटं तरी देवा. लई पळती ती. आनि शेवटाला, त्या पाणी मागनाऱ्या मानसाला पाणी दे." "आमेन," बाबा म्हणाले. एवढ्या जोरात की शेळ्यांनी कान टवकारले. पाण्याचं मला कळलं नाही. नळाला पाणी आलं नसेल, कुणी शेजारी मागून गेला असेल, असं काहीतरी मनात येऊन गेलं.

मग केराबाई वळली आणि मी दिसले. ती दचकली नाही, लाजली नाही. "ताई आल्यात, मामा," ती म्हणाली. बाबांनी डावा हात वर केला. तोंड वाकडं झालं, जीभ जागा शोधत राहिली, आणि ते म्हणाले, "सुवा." दोन वर्षांत पहिल्यांदा. मी त्यांच्या पायाशी बसले आणि रडले, नाक पुसायला पदर नव्हता, ओढणी होती, तिनं पुसलं. भांडणाचं सगळं भाषण कुठं गेलं कुणास ठाऊक. मी केराबाईला विचारलं, "बाबा बोलतात हे तरी सांगायचं होतं." "थोडं थोडंच की. सकाळच्यालाच," ती म्हणाली. "तुमी आल्यावर मामा गप ऱ्हात्यात. तुमी घाईत असता, त्यांचा शब्द निगायला येळ लागतो." हेही ती दूषण म्हणून बोलली नाही. मग उठून माझ्यासाठी जागा करत म्हणाली, "आता तुमी म्हणा ताई. खरी पाळी तुमचीच हाय. मला काय येतंय, मी आपली बडबडते."

मी बाबांचा हात घेतला. तो थंड होता आणि जड. डोळे मिटले. 'हे आमच्या स्वर्गीय पित्या, दयाळू आणि कृपाळू परमेश्वरा, या नव्या दिवसाच्या पहाटेस आम्ही तुझ्या चरणांजवळ येतो,' मी म्हटलं, आणि तिसऱ्या वाक्याला माझ्या लक्षात आलं की ही तीच आहे. तीच भरलेली. जे काल रात्री आठवेना ते आता शब्दासाठी शब्द बाहेर येत होतं, त्याच जागी श्वास, त्याच जागी आवाज थोडा खाली. मला थांबायचं होतं आणि थांबता येत नव्हतं. रेल्वेतील सर्व बंधुभगिनींपर्यंत पोचले तेव्हा बाबांच्या डाव्या हाताची बोटं माझ्या मनगटावर आवळली. मी डोळे उघडले. ते माझ्याकडं बघत होते, सगळा चेहरा ताणून, शब्द शोधत. "पा... पाणी," ते म्हणाले. मी उठायला लागले. त्यांनी मान हलवली, नाही. "त्याला." मग बराच वेळ काही नाही. गळ्याची शीर फुगली. मी वाट बघितली. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यासाठी थांबले असेन. "त्याला... पाणी. दिलं... का?"

मी केराबाईकडं बघितलं. "फोनातला मानूस हो ताई," ती म्हणाली. "तुमाला ठावं न्हाय? तुमच्या प्रार्थनेत तो मागनं वरडायचा की. हितंच, रेल्वेचं आलं की. सिस्टर पाणी द्या. तीनदा म्हणायचा. दुसऱ्या येळेला मोठ्यांदी, तिसऱ्याला लई हळू. तुमी आपल्या म्हणत असायच्या पुढं. मामा तितं लई हलायचे, फोनकडं हात करायचे, मला सांगायला बगायचे. मला काय कळंना आदी. मग कळलं. फोन बुडाला तरी मामा त्याला सोडंनात, प्रार्थना झाली की पाणी, पाणी. मग मीच शेवटाला म्हणाय लागले."

मेल वॉर्ड, गेल्या वर्षीचा फेब्रुवारी, ट्रॉलीच्या मागं पाच नंबर आणि सहा नंबर. मी डोळे फाडून तिथं बघत राहिले. एक कॉट रिकामी असेल, एकावर कुणी असेल. कोण? त्याला ऑपरेशनला न्यायचं असेल, पाणी बंद ठेवलं असेल, तसं असतंच पुष्कळदा, ओठ ओले करायचे फक्त. या विचाराला मी घट्ट धरून बघितलं, पण तो टिकेना, कारण ओठ ओले करायलाही आधी वळून बघावं लागतं. मी त्याच्याकडं पाठ करून देवाशी बोलत होते, चार मिनिटं अठरा सेकंद. तो तीनदा म्हणाला. तो आवाज माझ्या आवाजात भरला गेला, होटगीला आला, आणि आठ महिने रोज सकाळी सहाला या खोलीत पाणी मागत राहिला. ज्याला बोलता येत नव्हतं त्यानं तो ऐकला, आणि त्या माणसाला पाणी मिळालं का हे मला विचारायला बाबांना वर्ष लागलं.

"दिलं?" बाबांनी पुन्हा विचारलं. 'दिलं बाबा' हे माझ्या जिभेवर आलेलं होतं. दिवसातून पन्नास वेळा मी नातेवाइकांना म्हणते ते. केराबाई उभी होती. पर्समध्ये माझा फोन थरथरायला लागला होता, सव्वासहा वाजून गेले असतील, वॉर्डातून कुणीतरी विचारत असणार, मॅडम, निघाला का. "मला ऐकूच आलं नव्हतं, बाबा," मी म्हटलं. ते माझ्याकडं बघत राहिले. रागावले नाहीत, पाठीवरून हातही फिरवला नाही. डाव्या हातानं त्यांनी आपला उजवा हात पुन्हा माझ्या हातात नीट ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "म्हण."

फोन थांबला, पुन्हा सुरू झाला. मी डोळे मिटले. कुठल्याही सभेत उभं केलं तरी ज्या तोंडाला कधी शब्द कमी पडले नाहीत, ते उघडून मी बसले होते. बाबा थांबले होते. केराबाईही खाली बसली, तिच्या बांगड्या वाजल्या. "देवा, तो माणूस," मी म्हटलं, आणि त्याचं नाव मला माहीत नव्हतं.